४५ फुटी चिमट्याचं करायचं काय?

मावशी मुलीकडे अमेरिकेला गेली की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडतो. धबधबे, मॉल, नातवानं संपवलेला डबा, सगळं येतं. त्यात एकदा फिलाडेल्फियाहून एक फोटो आला. साडीवर स्वेटर, पायात स्पोर्ट्स शूज अशी मावशी उभी, आणि तिच्या मागे चार मजली इमारतीएवढा, गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचा, कपडे वाळत घालायचा चिमटा. खाली मावशीची ओळ : ‘इथे हा पुतळा म्हणून उभा केलाय. माझ्या गॅलरीत चाळीस आहेत, कुणी बघायलासुद्धा येत नाही.’

काकांनी लगेच लिहिलं, ‘लोकांच्या टॅक्सचे पैसे!’ माझी भाची आर्किटेक्चर शिकते. तिनं सांगून पाहिलं, ‘आजी, हे खूप फेमस शिल्प आहे.’ त्यावर मावशीचं उत्तर आलं : ‘फेमस असेल गं. पण का?’

त्या ‘पण का’पाशी ग्रुप गप्प झाला. प्रश्न रास्त आहे आणि तो एकट्या मावशीचा नाही. मिनिआपोलिसच्या बागेत तळ्यावर आडवा पडलेला चमचा आहे, मिलानच्या रेल्वे स्टेशनसमोर जमिनीत घुसलेली सुई आणि रंगीत दोरा आहे, जिनिव्हात एक पाय मोडलेली उंच खुर्ची आहे, आणि आपल्या वांद्रे-कुर्ला संकुलात पंख फुटलेली बेस्टची डबल डेकर आहे. तिथून जाणारा माणूस थांबतो, हसतो, फोटो काढतो आणि मनात म्हणतो, हे काय आहे आणि याला कला का म्हणायचं? मावशीला जे मी तुकड्यातुकड्यांत लिहून पाठवलं, ते इथे एकत्र मांडतो.

आधी चिमट्याचीच गोष्ट

हा चिमटा क्लेस ओल्डनबर्गचा. जन्म १९२९, स्टॉकहोम. वाढला अमेरिकेत, गेला २०२२ मध्ये. १९६१ साली या माणसानं न्यूयॉर्कमध्ये चक्क एक दुकान थाटलं होतं. आत विकायला काय, तर प्लास्टरचे, वरून रंग थापलेले केक, शर्ट, बूट. पुढे त्यानं कापड शिवून, आत भरण घालून गादीसारखा मऊ आणि माणसाएवढा बर्गर केला. मग कागदावर शहरांची स्मारकं काढायला लागला, आणि त्या स्मारकांत राजे-सेनापतींच्या जागी असायच्या घरातल्या वस्तू. बरीच वर्षं ही चित्रं गंमत म्हणूनच पाहिली गेली.

१९७६ साली फिलाडेल्फियात त्यातली एक कल्पना प्रत्यक्षात उभी राहिली. उंची ४५ फूट, म्हणजे जवळजवळ पावणेचौदा मीटर. धातू ‘कोर्टेन’. हा शब्द एकदाच समजून घेऊ. या पोलादात तांबं, क्रोमियम वगैरे थोडं मिसळलेलं असतं. त्यामुळे वर जो गंज चढतो तो पापुद्रे होऊन गळत नाही, घट्ट बसतो आणि आतल्या पोलादाला राखतो. लोखंडी तवा वापरून वापरून काळा होतो आणि तो काळा थरच पुढे तव्याला जपतो, साधारण तसं. (खाऱ्या, सतत दमट हवेत मात्र हा थर नीट बसत नाही. हाच चिमटा मरीन ड्राइव्हला उभा केला असता तर महापालिकेला दर पावसाळ्यानंतर त्याची काळजी घ्यावी लागली असती.)

आता फोटो पुन्हा उघडून बघा. पहिली गोष्ट, चिमट्याची स्प्रिंग. ती नीट पाहिली तर तिच्यात ७ आणि ६ हे आकडे दिसतात. १९७६ हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं दोनशेवं वर्ष, आणि ते स्वातंत्र्य जाहीर झालं याच शहरात. दुसरी गोष्ट, चिमट्याच्या त्या दोन पट्ट्या. फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात ब्रांकुशी या शिल्पकाराचं एक दगडी शिल्प आहे : एकमेकांना मिठी मारून चुंबन घेणारी दोन माणसं, इतकी बिलगलेली की दोघांचा मिळून एकच ठोकळा झालाय. चिमट्याचे दोन भाग तसेच उभे आहेत, आणि ओल्डनबर्गनं स्वतः हे नातं दाखवलं होतं. तिसरी गोष्ट म्हणजे जागा. समोर शहराचा जुना, नक्षीदार सिटी हॉल. त्याच्या टोकावर शहर वसवणाऱ्या विल्यम पेनचा पुतळा. आजूबाजूला ऑफिसं, सूट-टाय घालून धावणारी माणसं. आणि त्यांच्या मधोमध धुणं-वाळत-घालणं.

ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात आवडते. कपडे वाळत घालण्याचं काम जगभर कुणी केलं, हे सांगायला नको. त्या कामाचं स्मारक कुठे असतं? ओल्डनबर्गच्या मनात हे होतंच असा माझा दावा नाही. पण मावशी त्या चिमट्याखाली उभी राहिली आणि तिला आपली गॅलरी आठवली, यात शिल्पाचं अर्धं काम झालं होतं.

खंडेनवमीचं मशीन

‘पण ही तर रोजचीच वस्तू. रोज बघतोच की,’ असं मावशी म्हणाली. खरंच बघतो का?

आत्ता डोळे मिटा आणि तुमच्या स्वयंपाकघरातल्या पकडीचा आकार सांगा. तिच्या दोन दांड्या कुठे जुळतात? टोकं आत वळलेली आहेत की सरळ? दिवसातून दहा वेळा हातात घेतो आणि सांगता येत नाही. वापरातली वस्तू आपल्याला दिसत नाही. तिचा फक्त उपयोग दिसतो. चहाचं पातेलं उतरवायचंय, पकड कुठाय, सापडली, संपलं.

आता खंडेनवमी आठवा. एरवी वर्कशॉपमधल्या लेथकडे कुणी मान वर करून बघत नाही. त्या दिवशी ते बंद असतं, पुसलेलं असतं, झेंडूची माळ घातलेली, समोर नारळ. रोज त्याच्यावर राबणारा माणूस चार पावलं मागे सरकून हात जोडतो. मशीन तेच आहे. फरक इतकाच, की त्या दिवशी त्याला काम नाही. कामातून मोकळं झालं आणि दिसायला लागलं. पोळ्याला बैलाचं हेच होतं. त्या दिवशी त्याच्या मानेवर जू नसतं, म्हणून शिंगांचा डौल नजरेत भरतो.

या सगळ्या शिल्पांच्या मुळाशी एवढीच गोष्ट आहे. वस्तूला कामातून सोडवायचं. ४५ फुटी चिमट्यानं काही वाळत घालता येत नाही. मग तो कशाला उभा आहे, असा प्रश्न मनात येतो, आणि तो येताना आपण त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघतो.

सोडवायच्या वाटा मात्र अनेक. सगळ्यात सरळ वाट आकाराची. वस्तू प्रचंड झाली की आपण आपोआप लहान होतो. डायनिंग टेबलाखाली बसलेल्या पोराला खुर्च्यांचे पाय खांबांसारखे दिसतात. तुम्हीही एकदा तिथे बसला होतात, पण ते विसरलात. मोठ्या चमच्याखाली उभं राहिल्यावर हसू फुटतं, त्यात या आठवणीचा वाटा असावा असं मला वाटतं.

दुसरी वाट संख्येची, आणि ती आपल्या घरातून जाते. सुबोध गुप्ता हा बिहारमधल्या खगौलचा शिल्पकार, जन्म १९६४. त्याचं साहित्य म्हणजे स्टीलची भांडी : डबे, बादल्या, तांबे, पातेली. एका भांड्यात सांगण्यासारखं काय असतं? आपल्याला विचाराल तर पुष्कळ. आपल्याकडे भांड्यावर टोचून नाव घालतात, कुणाच्या लग्नात कुणी दिलं ते. चाळीस वर्षांनी मांडणीवरचा पेला खाली काढला की त्यावर गेलेल्या आत्याचं नाव निघतं. गुप्तानं अशी भांडी शेकड्यांनी एकत्र जोडली आणि २००६ मध्ये त्यातून एक अवाढव्य कवटी केली. तिचं नाव ‘व्हेरी हंग्री गॉड’, फार भुकेला देव. पॅरिसमधल्या एका चर्चमध्ये ती पहिल्यांदा मांडली आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या कालव्याकाठी उभी राहिली. लांबून झगमगाट दिसतो. जवळ गेलं की कळतं, सगळी भांडी रिकामी आहेत.

त्यानंतर २००८ मध्ये त्यानं भांड्यांचाच दहा मीटर उंच ढग केला. ढग कसला, तर अणुस्फोटानंतर उठतो तो, कुत्र्याच्या छत्रीच्या आकाराचा. नाव ‘लाइन ऑफ कंट्रोल’. सीमेवर काही झालं तर आकाशात काय उडेल? बातम्यांत आपण विमानं आणि क्षेपणास्त्रं बघतो. गुप्ता म्हणतो, तुमचं स्वयंपाकघर उडेल. हे त्यानं बोलून दाखवलेलं नाही. डब्या-पातेल्यांनीच ते सांगितलंय, आणि म्हणूनच ते अंगावर येतं.

‘मोठं केलं की झालं?’

नाही झालं. आणि इथे मावशीच्या बाजूनं बोलायला हवं.

हायवेवर ढाब्यासमोर भली मोठी किटली दिसते, हवेतच तरंगतेय आणि तिच्यातून पाणी पडतंय. कुठे शहराच्या वेशीवर तिथलं प्रसिद्ध फळ सिमेंटमध्ये. ऑस्ट्रेलियात तर याची मोठी परंपराच आहे. तिथल्या कॉफ्स हार्बर गावाबाहेर १९६४ मध्ये भलं मोठं केळं बसवलं, केळ्यांच्या दुकानाकडे गाड्या वळाव्यात म्हणून. मला हे सगळं आवडतं. किटली दिसली की मीही गाडी थांबवतो. पण ती पाटी आहे. ‘इथे चहा मिळतो’ हे वाक्य तिनं अक्षरांऐवजी आकारात लिहिलंय. वाक्य वाचलं, चहा प्यायला, विषय संपला.

मग कॅन्सस सिटीतली फुलं बघू. बॅडमिंटनची. ओल्डनबर्ग आणि त्याची बायको कोश्या व्हान ब्रुखन या दोघांनी १९९४ मध्ये तिथल्या नेल्सन-ॲटकिन्स संग्रहालयाच्या हिरवळीवर चार फुलं मांडली. प्रत्येक फूल साधारण १८ फुटांचं, अडीच टनांच्या आसपास. यांना शिल्प का म्हणायचं आणि किटलीला का नाही?

संग्रहालयाची इमारत मोठी भारदस्त, ग्रीक देवळासारखी खांबांची, आणि समोर दूरवर पसरलेली हिरवळ. त्या दोघांना इमारत दिसली ती नेट म्हणून, आणि हिरवळ म्हणजे कोर्ट. मग फुलं अशी टाकली, की कुणा राक्षसांचा खेळ अर्धवट सुटलाय : तीन फुलं इमारतीच्या एका अंगाला, एक दुसऱ्या अंगाला. एवढंच केलं. पण आता ते दगडी, गंभीर संग्रहालय तुम्हाला पूर्वीसारखं दिसणं शक्य नाही. त्याच्या खांबांकडे बघून तुम्ही मनातल्या मनात सर्व्हिस करता. फुलांनी स्वतःबरोबर सगळी जागाच बदलली. ढाब्याची किटली उचलून दुसऱ्या ढाब्यासमोर ठेवली तर काही बिघडत नाही. ही फुलं दुसऱ्या कुठे ठेवली तर ती नुसती मोठी फुलं होतील. कलेच्या जगात याला ‘साइट-स्पेसिफिक’ म्हणतात, म्हणजे त्या जागेसाठीच घडवलेलं. पुढे हा शब्द मी वापरणार नाही, पण हा फरक लक्षात ठेवला तर शिल्प आणि पाटी वेगळी करायला बऱ्यापैकी कामी येतो.

जाता जाता, बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम बसले ते इंग्रज अधिकाऱ्यांच्या पुण्यातल्या छावणीत, आणि या खेळाचं एक जुनं नावच ‘पूना’ होतं. कॅन्सस सिटीच्या हिरवळीवर पडलेल्या त्या फुलांवर आपला थोडा हक्क सांगायला हरकत नाही.

‘हे तर कुणीही करेल’

हा आक्षेप जुना आहे, शंभरहून अधिक वर्षांचा. १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात मार्सेल द्युशाँनं चिनी मातीचं, पुरुषांच्या मुतारीतलं भांडं आडवं करून, त्यावर ‘आर. मट’ अशी खोटी सही ठोकून पाठवलं. फी भरली की कुणाचीही कलाकृती घ्यायची, असा त्या प्रदर्शनाचा नियम होता. तरी हे भांडं मांडलं गेलं नाही. मूळ भांडं पुढे हरवलं, वाद मात्र संपला नाही. द्युशाँ अशा वस्तूंना ‘रेडीमेड’ म्हणायचा : कलावंतानं घडवलेली नाही, फक्त निवडलेली. तिथे ‘कुणीही करेल’ हे खरंच होतं, आणि तोच त्याचा मुद्दा होता.

ओल्डनबर्गच्या मंडळींचं तसं नाही. इथे वस्तू घडवावी लागते आणि ते कठीण आहे. मिनिआपोलिसचा चमचा घ्या. १९८८ मध्ये वॉकर आर्ट सेंटरच्या बागेत तो बसला. दोन्ही टोकं जमिनीला टेकलेली, मधे कमान, खाली तळं, आणि चमच्याच्या टोकावर लालभडक चेरी. लांबी ५१ फुटांच्या वर, नुसत्या चमच्याचं वजन २,६०० किलोंच्या पुढे आणि चेरीचं पाचशेच्या पुढे. हे बनवलं कुठे, तर जहाजं बांधणाऱ्या गोद्यांमध्ये. वळणदार जाड पत्रा सांधा न दिसता जोडायचा, आणि तो वारा, बर्फ, पाणी सोसत उभा राहायला हवा, हे जहाजवाल्यांचंच काम. चेरीच्या देठाच्या बुडाशी पाण्याचा फवारा आहे. ते पाणी चेरीवरून सतत ओघळतं, म्हणून ती नुकतीच धुतल्यासारखी चकाकते. हिवाळ्यात तिच्यावर बर्फ बसतं आणि ती आइस्क्रीमवरची वाटते.

यातला चमचा ओल्डनबर्गच्या डोक्यात वर्षानुवर्षं होता. चेरी व्हान ब्रुखनची. बागेची आखीव-रेखीव मांडणी बघून तिला फ्रान्सच्या राजवाड्यातले जेवणाचे शिष्टाचार आठवले आणि तिनं त्या शिष्ट चमच्यावर एक खट्याळ चेरी ठेवली. चेरी काढून बघा : मागे राहतो तो नुसता मोठा चमचा. म्हणजे शिल्पाचा जीव तिच्याकडून आलाय. तरी बऱ्याच ठिकाणी नाव येतं ते एकट्या ओल्डनबर्गचं. भांड्यावर नाव नवऱ्याचं आणि स्वयंपाक बायकोचा, ही रीत आपल्यापुरतीच नाही.

‘सुंदर कुठे आहे?’ असंही काकांनी विचारलं होतं. चेरीला ‘सुंदर नाही’ म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. चिमट्याबद्दल वाद घालू शकता.

हसू थांबतं ती जागा

इथवर वाचून असं वाटेल की हा सगळा खेळकर मामला आहे. आता बुडापेस्टला जाऊ.

डॅन्यूब नदीच्या काठावर, संसदेच्या इमारतीपासून थोड्या अंतरावर, कठड्याला लागून लोखंडी बुटांचे साठ जोड आहेत. मोठे केलेले नाहीत, खऱ्या बुटांएवढेच. पुरुषांचे, बायकांचे, आणि लहान मुलांचेही. कुणी घाईत काढून ठेवल्यासारखे, काही कलंडलेले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात ‘ॲरो क्रॉस’ या हंगेरियन नाझी संघटनेच्या लोकांनी ज्यूंना या काठावर आणून उभं केलं, बूट काढायला लावले आणि गोळ्या घातल्या. प्रेतं नदीत पडली. बूट का काढायला लावले? कारण युद्धात बुटांना किंमत होती. जान टोगाय या चित्रपट दिग्दर्शकाची ही कल्पना. शिल्पकार ड्युला पाउएर यांच्याबरोबर त्यानं ती २००५ मध्ये उभी केली. लोक त्या बुटांत फुलं ठेवतात, मेणबत्त्या लावतात.

इथे माणसाचा पुतळा उभा केला असता तर? रडणारी आई, कोसळणारा बाप? आपण तो बघितला असता, हळहळलो असतो आणि पुढे गेलो असतो. बूट बघताना माणूस आपल्याला मनात उभा करावा लागतो. मुलाच्या बुटाचा आकार बघून त्याचं वय ठरवावं लागतं.

ही भाषा आपल्याला नवी नाही. आळंदीहून आणि देहूहून पालखी निघते तेव्हा पालखीत मूर्ती नसते, पादुका असतात. वारकरी त्यांना माउली म्हणतो, तुकोबा म्हणतो, आणि त्यात त्याला काही कमी वाटत नाही. भक्ती वेगळी आणि शोक वेगळा, हे मान्य. पण माणूस नसताना त्याच्या पायातली वस्तू त्याची जागा घेऊ शकते, हे आपण कुणाकडून शिकलेलो नाही.

जिनिव्हाची खुर्चीही याच जातीची. संयुक्त राष्ट्रांच्या दारासमोर १२ मीटर उंच, साडेपाच टन लाकडाची खुर्ची, आणि तिचा एक पाय मांडीपासून फुटलेला. डॅनिएल बेर्सेनं ती १९९७ मध्ये उभी केली. त्या वर्षी भूसुरुंगांवर बंदी घालणाऱ्या करारावर सह्या व्हायच्या होत्या आणि आत जाणाऱ्या प्रत्येक देशाच्या प्रतिनिधीला ती दिसावी, असा हेतू. सुरुंगावर पाय पडलेल्या माणसाचा फोटो लावला असता तर लोकांनी तोंड फिरवलं असतं. खुर्चीकडे बघता येतं. तीन महिन्यांसाठी उभारलेली ती खुर्ची, मधली दोन वर्षं चौकाच्या कामासाठी काढली होती तेवढी सोडली तर, अजून तिथेच आहे.

‘पैसे कुणाचे? विचारलं कुणाला?’

काकांच्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक शहरात वेगळं. फिलाडेल्फियाचं सांगतो. १९५९ मध्ये या शहरानं नियम केला, की पुनर्विकासाच्या सरकारी जमिनीवर बांधकाम करणाऱ्यानं बांधकाम खर्चाचा एक टक्का कलेवर खर्च करायचा. असं करणारं हे अमेरिकेतलं पहिलं शहर. चिमटा या नियमातून आला, म्हणजे पैसे बिल्डरचे. काकांचं तेवढ्यापुरतं समाधान झालं. कॅन्सस सिटीची फुलंही देणगीतून आली. तरी तिथे सुरुवातीला लोकांनी बरीच नाकं मुरडली, आमच्या संग्रहालयाची थट्टा मांडलीय म्हणून. आता तीच फुलं शहराची ओळख झालीत.

पण आक्षेपाचा दुसरा भाग, ‘विचारलं कुणाला’, हा मला खरा वाटतो. गॅलरीत न आवडलेलं चित्र टाळता येतं. ऑफिसच्या रस्त्यावरचा चिमटा टाळता येत नाही. लोकांना नको म्हणायचा हक्क असायलाच हवा. फक्त नको म्हणणारा दर वेळी सामान्य माणूसच असतो असं नाही, आणि क्लीव्हलंडच्या शिक्क्याची गोष्ट त्यासाठी सांगायला हवी.

एका तेल कंपनीनं आपल्या नव्या मुख्यालयासमोर बसवायला ओल्डनबर्ग आणि व्हान ब्रुखनकडे शिल्प मागितलं. त्यांनी दिला रबरी शिक्का, ऑफिसात कागदावर दाबतो तो, इमारतीच्या मापाचा. शिक्क्यावर एकच शब्द : ‘फ्री’, म्हणजे मुक्त. तो उभा राहणार होता अक्षरं खाली दाबून, म्हणजे शब्द कुणाला दिसणारच नाही. आणि समोरच्या चौकात स्मारक कुणाचं, तर गुलामगिरी संपवणाऱ्या यादवी युद्धातल्या सैनिकांचं. शिल्प तयार होईतो मूळ कंपनी दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली. नव्या साहेबांना शिक्का पटला नाही. तो दुसऱ्या राज्यातल्या गोदामात जाऊन पडला. सरकारी टेबलावर फायली पडतात तसा शिक्काच पडून राहिला, हे वाचून आपल्याला हसू येणारच.

शेवटी कंपनीनं तो शहराला देऊन टाकला आणि १९९१ मध्ये तो दुसऱ्या एका बागेत बसला. पण त्या दोघांनी तो आता उभा केला नाही. आडवा टाकला, कुणी राक्षसानं त्या मुख्यालयातून रागानं उचलून भिरकावल्यासारखा. आडवा पडल्यामुळे अक्षरं बाहेर आली. साहेबांच्या नकारामुळे शब्द वाचता येऊ लागला.

आणि आपल्याकडे

आपल्याकडे चौक म्हणजे पुतळा, पुतळा म्हणजे माणूस, आणि माणूस म्हणजे जयंतीला हार. याला मी नावं ठेवत नाही. पण चौकात वस्तूला जागा मिळणं अवघड आहे. कुणाचाच नसलेला चिमटा उभा करायचा, तर उद्घाटनाला बोलवायचं कुणाला?

म्हणूनच वांद्रे-कुर्ला संकुलातल्या बसचं कौतुक. जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या, मुंबईतच काम करणाऱ्या सुदर्शन शेट्टी यांचं हे २०१२ चं शिल्प, ‘फ्लाइंग बस’. बेस्टची लाल डबल डेकर आहे तशी, आणि दोन्ही बाजूंना चकचकीत स्टीलचे पंख. सभोवती काचेच्या इमारती. तिथल्या रोजच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलेल्या माणसाला त्या पंखांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

पण शिल्प उभं राहिलं म्हणून त्याचा अर्थ तिथेच थांबत नाही. २०१२ मध्ये ही बस म्हणजे गंमत होती, कारण रस्त्यावर तशाच बसगाड्या धावत होत्या. त्यानंतर १५ सप्टेंबर २०२३ ला जुन्या डिझेलच्या डबल डेकरची शेवटची फेरी झाली. लोकांनी हार घातले, वरच्या मजल्यावर पुढच्या काचेशी बसून सेल्फी घेतले. आता विजेवरच्या नव्या डबल डेकर धावतात, बंद काचांच्या आणि थंडगार. जुनीचा तो खडखडाट, वरच्या खिडकीतून तोंडावर येणारा वारा, फांद्यांचा पत्र्यावर घासल्याचा आवाज गेला. शेट्टींनी एका अक्षराचा बदल केलेला नाही, आणि तरी त्या बसचे पंख आता वेगळेच दिसतात. २०१२ मध्ये ती उडायच्या तयारीत होती. आज ती निघून गेलेली वाटते.

हे सगळं मी मावशीला लिहून पाठवलं. दोन निळ्या टिक आल्या आणि बराच वेळ काही नाही. तिकडे रात्र झाली असेल म्हणून मी फोन ठेवला. सकाळी ग्रुपवर तिनं तोच फोटो पुन्हा टाकला होता, स्वतःला कापून, नुसता चिमटा मोठा करून. खाली लिहिलं होतं : ‘मिठी दिसली. पण दोघांना धरून ठेवलंय ते स्प्रिंगनं.’